रिस्टोर केलेली १९५६ ची लोटस इलेव्हन घेताना नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणारे एक मराठी डॉक्टर लोटस इलेव्हन, म्हणजे लोटस या ब्रिटिश कंपनीची पन्नासच्या दशकातली रेसिंग गाडी, घ्यायच्या विचारात आहेत. डीलरच्या जाहिरातीत लिहिलंय, १९५६ चं ल मान्स मॉडेल, कोव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन, नटबोल्टापासून संपूर्ण रिस्टोरेशन, मॅचिंग नंबर (म्हणजे चॅसी आणि इंजिन कारखान्यात जोडलेली तीच), अपघाताचा इतिहास नाही, एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेचे कागद तयार, उद्या रेसला न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्यात, गाडी खरी आहे हे कसं ओळखायचं, मागितलेली किंमत वाजवी आहे का, आणि पुढेमागे ती पुण्याला नेता येईल का.

मी इंग्लंडात जुन्या रेसिंग गाड्या तयार करणाऱ्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम करतोय, क्लायमॅक्स इंजिनं आणि पन्नासच्या दशकातल्या लोटसच्या फ्रेम हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. डॉक्टर, गाडी बघायला जरूर जा, इलेव्हन ही खरंच अप्रतिम गाडी आहे आणि घ्यायची इच्छा असेल तर मी तुम्हाला मागे खेचणार नाही. पण जाहिरातीतले जे दोन मुद्दे तुम्हाला सगळ्यात भारी वाटले असतील, मॅचिंग नंबर आणि अपघात नाही, तेच दोन मला सगळ्यात जास्त खटकतायत.

आधी गाडी काय आहे ते बघू, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमननं १९५६ मध्ये ही गाडी आणली, बारीक स्टीलच्या नळ्यांची स्पेसफ्रेम, त्यावर रिव्हेट मारलेले ऍल्युमिनियमचे पत्रे, आणि वरून फ्रँक कॉस्टिननं आखलेली बॉडी. कॉस्टिन हा डी हॅविलंड विमान कंपनीतला एरोडायनॅमिक्सचा माणूस, म्हणून ती बॉडी इतकी बुटकी आणि गुळगुळीत. गाडीचं वजन जेमतेम साडेचारशे किलोच्या आसपास, इंजिन १०९८ सीसी, आणि तरी १९५६ च्या ल मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या रेसला, बिक्नेल आणि जॉप या जोडीनं ११०० सीसीपर्यंतचा क्लास जिंकून एकूणात सातवा नंबर काढला. पुढच्या वर्षी तर ७४४ सीसीच्या छोट्या इंजिनावर ऍलिसन आणि हॉल यांनी ल मान्सचा इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे इंजिनच्या आकाराच्या मानानं केलेल्या कामगिरीचं बक्षीस, जिंकला, आणि मॅके-फ्रेझर आणि चेंबरलेन ११०० चा क्लास जिंकून एकूणात नवव्या नंबरावर आले. इटलीतल्या मॉन्झाच्या ट्रॅकवर बंद कॅनोपी लावलेल्या एका इलेव्हननं ताशी १४३ मैलांचा लॅप मारला होता, अकराशे सीसीत. सगळी मॉडेलं मिळून गाड्या बनल्या सुमारे २७० च.

आता ल मान्स मॉडेल म्हणजे ही गाडी ल मान्सला धावलीये असं अजिबात नाही, बरेच जण तसं समजतात आणि विकणारेही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. कंपनी तीन प्रकार विकत होती. ल मान्सला मागे डी डिऑन ऍक्सल (डिफरन्शियल फ्रेमवर बसवलेलं, चाकं वेगळ्या नळीनं जोडलेली) आणि चारही बाजूंना डिस्क ब्रेक, मागच्या डिस्क चाकात नाहीत तर आत डिफरन्शियलला चिकटून. क्लबला साधा अखंड ऍक्सल आणि ड्रम ब्रेक, इंजिन मात्र क्लायमॅक्सच. आणि स्पोर्टला फोर्डचं ११७२ सीसी साइडव्हॉल्व्ह इंजिन, ते सगळ्यात स्वस्त. बाजारात ल मान्सला जास्त भाव आहे, त्यामुळे गेल्या साठपासष्ट वर्षांत बऱ्याच क्लब आणि स्पोर्ट गाड्या ल मान्स झाल्यात. यात फसवणूकच असते असं नाही, कुणीतरी साठच्या दशकातच रेस जिंकायला बदल केलेला असतो, पण तसं असेल तर ते जाहिरातीत यायला हवं आणि किमतीत दिसायला हवं. गाडी लिफ्टवर घेतली की मागचे डी डिऑनचे ब्रॅकेट बघा, ते फ्रेमला जिथे जोडलेत तो जोड बाकीच्या फ्रेमच्या जोडांसारखा दिसतो की वेगळ्या हातचा, ते टॉर्च मारून शांतपणे बघा.

मॅचिंग नंबरकडे येऊ. ही कल्पना मुळात अमेरिकन रोड कार आणि फेरारी वगैरेंच्या बाजारातून आलीये, जिथे कारखान्यानं एक इंजिन एका चॅसीला लावलं आणि ते कागदावर नोंदवलं. इलेव्हन बऱ्याचशा सुट्या भागांत विकल्या जायच्या, कारण तेव्हा ब्रिटनमध्ये पूर्ण गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि भाग घेऊन घरी जोडली की तो वाचायचा. इंजिन कोव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचं, गिअरबॉक्स बीएमसी या ब्रिटिश मोटर कंपनीची, ऑस्टिनच्या छोट्या गाडीतली, आत क्लोज रेशोचे गिअर घातलेली. आणि रेसिंगमध्ये इंजिन हा टिकाऊ भाग नसतोच, सीझनमध्ये एक फुटलं की दुसरं बसायचं, एखाद्याकडे दोन इंजिनं असायची आणि ती आलटून पालटून चालायची. म्हणून आजच्या इलेव्हनमध्ये १९५६ मध्ये बसवलेलंच इंजिन असणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आहे म्हणतात तर ते कशाच्या आधारावर म्हणतात हे विचारा, जुनं लॉगबुक आहे का, पहिल्या मालकाचं बिल आहे का. नुसतं इंजिनवर नंबर आहे आणि फाइलमध्ये तोच नंबर टाइप केलाय याला काही अर्थ नाही, टाइप कुणीही करतं. आणि नसेल मूळ इंजिन तर नसू दे, त्यानं गाडी खोटी ठरत नाही. योग्य प्रकारचं, त्याच काळातलं क्लायमॅक्स इंजिन असलं की मी समाधानी असतो.

अपघात नाही, हे मात्र मला मनापासून नकोसं वाटतं. पन्नासच्या दशकातली रेसिंग गाडी, पुढची दहा वर्षं क्लब रेसमध्ये हातोहात फिरलेली, कुठेच ठोकली नाही? मी तरी अशी इलेव्हन पाहिलेली नाही. नाक तर या गाड्यांचं दर दोन रेसला चेपायचं. चांगल्या गाडीच्या फाइलमध्ये अपघात असतात, अमुक साली अमुक ट्रॅकवर गाडी फिरून कठड्याला गेली, पुढचा डावा भाग बदलला, त्याचा फोटो, त्याचं बिल. ते वाचून मला विश्वास वाटतो, कारण मग मी त्या जागी जाऊन बघू शकतो की खरंच तिथे दुरुस्ती आहे का, आणि दुरुस्ती सापडली की कागद आणि लोखंड एकाच गाडीचे आहेत हे पटतं. ज्या गाडीला काहीच झालेलं नाही तिच्याबाबतीत दोनच शक्यता राहतात, एक तर इतिहास माहीत नाही किंवा फ्रेम नवी आहे.

आता फ्रेम. इथे तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाऊ द्या, बॉडी आणि रंग नंतर. इलेव्हनचं नाक आणि शेपूट बिजागरीवर उघडतं त्यामुळे अर्धी फ्रेम उघडीच दिसते, हे आपलं नशीब. नाक उघडा, टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उजेड घासून जाईल, आणि इंजिनच्या बाजूच्या तिरक्या नळ्या बघत जा. पुढून धडक बसली की आधी त्या वाकतात. सरळ करून रंगवलेल्या नळीवर अशा तिरक्या उजेडात हलकी लहर दिसते, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. हात फिरवला तरी कळतं, पण हातमोजे काढून. मग जोड बघा, एखाद्या नळीत मधेच बारीक जाडी वाढलीये का, म्हणजे तुटलेली नळी कापून आत बाहीसारखा तुकडा घालून जोडलीये. हे वाईट नाही, नीट केलेली जोडणी मला पूर्ण नवी नळी घालण्यापेक्षा बरी वाटते, कारण मूळ लोखंड राहतं.

त्यानंतर रिव्हेटची भोकं. ही गोष्ट फार कमी लोक बघतात. इलेव्हनमध्ये फ्लोअर आणि मधला ट्रान्समिशनचा बोगदा हे नुसतं झाकण नाही, ते पत्रे फ्रेमला ताकद देतात, त्यामुळे ते भरपूर रिव्हेटनी नळ्यांवर बसवलेले असतात. आणि दर वेळी मोठं काम निघालं की पत्रे काढून परत लावायचे, नवी भोकं पडायची कारण जुनी सैल झालेली असायची. म्हणून खऱ्या जुन्या फ्रेमच्या नळीवर भोकांची गर्दी असते, काही जुनी बुजवलेली, काही थोडी बाजूला सरकून पाडलेली. आमच्याकडे मागे एक गाडी तपासायला आली होती, फाइल जाडजूड, रंग डोळे दिपवणारा. ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्याची एक कड मोकळी केली तर खालच्या नळीवर एका सरळ रेषेत, एकसारख्या अंतरावर, एकच भोकांची ओळ. एकही जुनं भोक नाही, नळीच्या आत एंडोस्कोप घातला तर गंजाचा कण नाही. ती फ्रेम पाच-सात वर्षांपूर्वीची होती. विकणाऱ्यानं फाइलमध्ये फ्रेम दुरुस्त केली एवढंच लिहिलं होतं. घेणारा तिथूनच परत गेला, आणि योग्यच केलं त्यानं, कारण किंमत जुन्या फ्रेमची मागितली होती.

नळ्या आतून गंजतात हेही लक्षात घ्या, भिंती फार पातळ आहेत, बाहेरून सुरेख रंग आणि आतून कागद अशी अवस्था होऊ शकते. अल्ट्रासोनिक जाडीमापक घेऊन येणारा माणूस सोबत न्या, खालच्या लांब नळ्या आणि पाय ठेवायच्या जागेजवळच्या नळ्या मोजा. आणि फ्रेमवर जाड पावडर कोटिंग केलं असेल तर मी दोनदा विचार करतो, दिसायला छान पण त्याखाली चीर लपते. रेसच्या फ्रेमला साधा पातळ रंग असावा, चीर पडली की रंगाला तडा जातो आणि गंजाची रेघ बाहेर येते, म्हणजे रेस संपल्यावर दहा मिनिटांत कळतं.

बॉडीबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ बॉड्या लंडनमध्ये एडमंटनच्या विल्यम्स अँड प्रिचर्ड यांच्याकडे हातानं बनायच्या, पातळ ऍल्युमिनियम. नाक आणि शेपूट नवं असलं तर मनावर घेऊ नका, ते भाग बदलतच असायचे. मधला भाग, काचेखालचा पत्रा आणि आतल्या भिंती जुन्या आहेत का ते बघा. पत्र्याची आतली बाजू रंगवलेली नसेल तर उत्तम, हातोडीच्या आणि पत्रा गोलवायच्या चाकाच्या खुणा, गॅस वेल्डिंगची शिवण, फास्टनरभोवती पडलेल्या आणि परत भरलेल्या चिरा, सगळं तिथे वाचता येतं. फायबरची बॉडी असेल तर ती वेस्टफिल्डची प्रतिकृती असू शकते, ऐंशीच्या दशकात त्या बऱ्याच बनल्या. त्या गाड्या म्हणून झकास आहेत पण त्यांचा बाजार वेगळा. अवघड असतात त्या ऍल्युमिनियमच्या हुबेहूब प्रती, त्यांना फ्रेमवरच पकडावं लागतं.

इंजिन हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे इथे जरा जास्त लिहितो. या क्लायमॅक्सचा मूळ अवतार आग विझवायच्या पंपाचा. ब्रिटिश सरकारला हलका, माणसांना उचलून नेता येईल असा पंप हवा होता, म्हणून वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी ऍल्युमिनियमचं, वरती कॅमशाफ्ट असलेलं हे छोटं इंजिन केलं. रेसवाल्यांनी ते बघितलं आणि मागणी लावून धरली, त्यातून १०९८ सीसीचं एफडब्ल्यूए आलं. साधारण पंचाहत्तर हॉर्सपॉवरपासून सुरुवात, चांगलं ट्यून केलेलं ऐंशीच्या वर. आवाज इतका स्वच्छ आणि रेव्ह इतक्या पटकन घेतं की एकदा ऐकलं की विसरत नाही.

तर जाहिरातीत नुसतं क्लायमॅक्स लिहिलंय, पण आत काय आहे? लोटस एलीट या पुढच्या रोड कारमध्ये याच घराण्यातलं १२१६ सीसीचं एफडब्ल्यूई होतं, ते जास्त संख्येनं बनलं, त्यामुळे कित्येक इलेव्हनमध्ये आज तेच बसलंय. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, एकच, ६६.६ मिलिमीटर. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात, एफडब्ल्यूए ७२.४ आणि एफडब्ल्यूई ७६.२. म्हणजे प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनचा प्रवास मोजला तर काहीच कळणार नाही, दोन्हीकडे तोच आकडा येणार. ज्यानं इंजिन बांधलं त्याचं बिल मागा, त्यात पिस्टनचा साइज लिहिलेला असतो, आणि त्याला थेट फोन करा. हा फरक फक्त हौशीचा नाही, ११०० च्या क्लासमध्ये तुम्ही १२१६ घेऊन गेलात तर गाडी क्लासबाहेर.

दुसरं, इंजिन बांधून किती तास झाले, वर्षं नव्हे, तास. रेस इंजिनचं वय तासांवर मोजतात आणि नीट माणसाकडे वही असते, टेस्टिंग किती, रेस किती. लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून दाबाची हवा किती गळते ते, गरम इंजिनवर करून घ्या, चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळपास असावेत. कूलंट बाहेर काढून रंग बघा, साधं पाणी भरून वर्षानुवर्षं उभी ठेवलेली ऍल्युमिनियमची इंजिनं आतून कुरतडली जातात आणि ते दुरुस्त करणं फार महाग पडतं. क्लायमॅक्सचं पूर्ण काम करायचं म्हटलं तर पाच आकडी पाउंड सहज जातात. आत नवीन बनवलेला स्टीलचा क्रँक आणि नवीन रॉड घातले असतील तर मी खूश होतो, साठ वर्षं जुना क्रँक रेसला वापरू नये असंच माझं मत आहे. पण मग जुना क्रँक, जुने रॉड कुठेत? हे विचारायला विसरू नका. चांगला रिस्टोअरर काढलेला प्रत्येक मूळ भाग खोक्यात भरून, चिठ्ठी लावून गाडीसोबत देतो. वाकडी नळी, फाटलेला फ्लोअर, जुना स्टिअरिंग रॅक, सगळं. ती खोकी म्हणजे या गाडीच्या खरेपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि रिस्टोरेशन सुरू असतानाचे फोटो त्याच्या खालोखाल. फोटोत फ्रेम उघडी, भोकांसकट, दिसली पाहिजे.

यावरून माझं मुख्य म्हणणं असं, की रिस्टोर केलेल्या रेसिंग गाडीत पैसे चकाकीचे मोजू नयेत, सलगतेचे मोजावेत. अवस्था विकत घेता येते, आज खराब असेल तर दोन वर्षांनी चांगली करता येते. १९५६ पासून आजपर्यंत ही एकच वस्तू कुठे कुठे होती, कुणाकडे होती, तिचं काय तुटलं आणि काय बदललं, हे एकदा हरवलं की कितीही पैसे घातले तरी परत येत नाही.

इथे एक जुना खटला सांगण्यासारखा आहे. बेंटलीची ओल्ड नंबर वन नावाची गाडी, १९२९ आणि १९३० च्या ल मान्सची विजेती. १९९० मध्ये ती एक कोटी पाउंडांना विकायचा सौदा ठरला आणि घेणाऱ्यानं मागे पाय घेतला, म्हणाला यात मूळ भाग उरलेत कुठे, ही ती गाडीच नाही. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. भागांच्या हिशोबानं मूळ गाडीतलं खरंच फार थोडं उरलं होतं, पण न्यायाधीशांनी निकाल दिला की गाडी टप्प्याटप्प्यानं बदलत गेली, मधे कुठेही ती संपून दुसरी सुरू झाली नाही, म्हणून ती ओल्ड नंबर वनच. आमच्या धंद्यातली माणसं अजूनही या निकालाचा दाखला देतात. याची दुसरी बाजू अशी, की जिथे धागा तुटतो तिथे नुसती चॅसी प्लेट लावून तो जोडता येत नाही. प्लेट म्हणजे चार रिव्हेटनी लावलेला पत्र्याचा तुकडा, तो काढता येतो, नवा पाडता येतो.

इलेव्हनमध्ये एक नेहमीची भानगड म्हणजे एकाच नंबरावर दावा सांगणाऱ्या दोन गाड्या. होतं असं की रेसमध्ये फ्रेम वाकली, नवी फ्रेम आणून सगळे भाग तिच्यावर चढवले, नंबर तोच चालू ठेवला. वाकडी फ्रेम कुणाच्या तरी शेडमागे पडून राहिली. वीस-तीस वर्षांनी किमती चढल्यावर कुणीतरी ती सरळ करून तिच्यावर गाडी उभी केली आणि म्हणाला मूळ फ्रेम तर माझी. दोघांचंही थोडं थोडं खरं. अशा वादातली गाडी घेऊ नका, दोन्ही गाड्या एका मालकाकडे येऊन वाद मिटला असेल तर गोष्ट वेगळी. हे तपासायला हिस्टॉरिक लोटस रजिस्टर ही संस्था आहे, तिथे मॉडेलवार नोंदी ठेवणारी माणसं आहेत. पैसे देण्याआधी नंबर त्यांना कळवा, त्यांचं मत लेखी घ्या. गाडी मधे अमेरिकेत होती का हेही विचारा, कॅलिफोर्नियातला लोटसचा विक्रेता जे चेंबरलेन, तोच जो ल मान्सला धावला, त्याच्यामार्फत बऱ्याच गाड्या तिकडे गेल्या, आणि तिकडच्या क्लब रेसिंगमध्ये रुंद चाकं, वेगळी इंजिनं, कापलेले पत्रे हे सगळं झालं. अमेरिकेतल्या वर्षांचा पुरावा जुन्या रेस प्रोग्राममधे आणि फोटोंमधे मिळतो, चांगला विक्रेता तो शोधून देतो.

एफआयएचे कागद म्हणजे बहुधा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट. तो हवाच, त्याशिवाय आंतरराष्ट्रीय हिस्टॉरिक रेसमध्ये उभं करत नाहीत. पण तो खरेपणाचा दाखला नाही. गाडीची तांत्रिक रचना त्या काळच्या नियमांशी जुळते एवढंच तो सांगतो, हुबेहूब प्रतीलाही तो मिळू शकतो. त्याची मुदत दहा वर्षांची असते, तारीख बघा. आणि त्यातला फोटो न फोटो समोरच्या गाडीशी ताडून बघा. १९५६ च्या पहिल्या सिरीजला पुढे फोर्डचा ऍक्सल मधोमध कापून केलेलं स्विंग ऍक्सल होतं, १९५७ च्या दुसऱ्या सिरीजपासून विशबोन (प्रत्येक चाकाला धरणारे त्रिकोणी हात) आले. पहिल्या सिरीजच्या गाडीला नंतर विशबोन लावलेले असतील तर गाडी चालवायला सोपी होते पण पासपोर्टशी आणि सालाशी मेळ बसत नाही. तसंच तुमच्या नावावर होणारं व्ही-फाइव्ह-सी हे ब्रिटनमधलं रजिस्ट्रेशन म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ते त्याच्यावरच छापलेलं असतं, म्हणून मागच्या खरेदीची बिलं मागा.

किमतीचं म्हणाल तर मी आकडा सांगणार नाही, कारण गाडी न बघता सांगितलेला आकडा तुमचं नुकसान करेल. पण हिशोब असा मांडा. आधी ओळख, म्हणजे फ्रेम आणि इतिहास. मग मॉडेल, जन्मानं ल मान्स की नंतर झालेली. त्यानंतर अवस्था. विकणारा तुम्हाला उलट्या क्रमानं दाखवेल, आधी रंग, मग चामडं, फाइल शेवटी. रिस्टोरेशनची बिलं दाखवून इतके लाख खर्च झालेत म्हणून इतकी किंमत, हा युक्तिवाद मानू नका, खर्च झाला म्हणजे मूल्य वाढलं असं नाही, कधी कधी जास्त खर्चात मूळ गोष्टीच फेकल्या जातात. आणि रिस्टोर झाल्यावर एकदाही न धावलेल्या गाडीपेक्षा दोन सीझन रेस केलेली, थोडे दगडांचे टवके उडालेली गाडी मला जास्त आवडते. नव्यानं बांधलेल्या रेस गाडीत पहिल्या वर्षी बारीकसारीक खूप निघतं, गळती, सैल होणारे बोल्ट, ब्रेकचा तोल, ते सगळं आधीच्या मालकानं निस्तरलेलं असतं. न धावता पाच वर्षं उभी असेल तर टायर, सील, ब्रेक होज, सीटबेल्टची मुदत, इंधनाची बॅग हे सगळं नव्यानं घ्यायचंय असं धरूनच बोला. लिलावात घेणार असाल तर बोलीच्या वर दहा ते पंधरा-सोळा टक्के प्रीमियम जातो. गाडी परदेशातून येणार असेल तर तिची नोंद संग्रहणीय वस्तू म्हणून होते का ते एजंटकडून करून घ्या, मग आयातीवर पूर्ण व्हॅटऐवजी पाच टक्केच लागतो.

डॉक्टर, तुम्ही रेसचं लायसन्स काढणार म्हणालात म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ही गाडी फार हलकी आहे आणि तुम्ही तिच्यात बसत नाही, जवळजवळ आडवे होता, बाजूला दरवाजा म्हणजे पत्र्याची एक फळी. वर ज्या मॅके-फ्रेझरचा उल्लेख केला तो ल मान्सला क्लास जिंकल्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समध्ये रॅंसला इलेव्हन चालवतानाच गेला. त्यामुळे रोल बार, बेल्ट, इंधनाची बॅग टँक, आग विझवायची यंत्रणा यात मूळपणाचा हट्ट धरू नका, नियमांत बसणारं सगळं लावून घ्या. ऍक्सलचे शाफ्ट, हब, स्टिअरिंगचे हात यांची चिरांची तपासणी झाल्याचा सर्टिफिकेट मागा, तारखेसकट, नसेल तर पहिल्या धावेआधी करूनच घ्या. पहिलं वर्ष ट्रॅक डे आणि हिलक्लाइंब (चढाच्या रस्त्यावर एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावणं) करा. स्विंग ऍक्सलची गाडी वळणात मधेच ऍक्सिलरेटर सोडला तर पटकन फिरते, ती सवय हळूहळूच लागते.

पुण्याचं. भारतात २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आहेत, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. इलेव्हनला खऱ्या अर्थानं छप्पर नाही, जमिनीपासून अंतर वीतभरही नाही, आपल्याकडच्या एका गतिरोधकावर खालच्या नळ्या जातील. कायमची आयात करायच्या ऐवजी एखाद्या मोठ्या रॅलीसाठी कार्नेवर, म्हणजे आयात कर न भरता गाडी नेऊन परत आणायच्या कागदावर, तात्पुरती नेऊन आणणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, आणि तेही पाच-सहा वर्षांनी, तुम्हाला गाडीचा स्वभाव कळल्यावर. मुख्य म्हणजे तिची देखभाल करणारी माणसं, सुटे भाग आणि धावायच्या रेस सगळं इथे इंग्लंडात आहे.

तर आता करायचं काय. डीलरला आज ईमेल करा आणि पाच गोष्टी मागा, रिस्टोरेशनच्या वेळचे उघड्या फ्रेमचे फोटो, इंजिन बांधणाऱ्याचं बिल आणि तासांची नोंद, पासपोर्टची पूर्ण प्रत, साठ ते नव्वदच्या दशकातल्या मालकांची यादी, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत येणार का. उत्तर कसं येतं ते बघा, दोन दिवसांत नीट फोटो आले तर चांगलं लक्षण, तुम्ही या, प्रत्यक्षच बघा, असं आलं तर परत एकदा लेखी मागा. मग नंबर रजिस्टरकडे पाठवा. बघायला जाताना इलेव्हन माहीत असलेला स्वतंत्र माणूस न्या, डीलरनं सुचवलेला नको, आणि फ्लोअरची एक कड मोकळी करून बघू द्याल का हे आधीच विचारून ठेवा, तिथे नाही म्हणाले तर प्रवासाचा खर्चही करू नका. गाडी आवडलीच तर टोकन द्या, पण पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की फ्रेमची तपासणी आणि रजिस्टरचं मत समाधानकारक आलं नाही तर टोकन पूर्ण परत, आणि त्यासाठी किमान तीन आठवड्यांची मुदत घ्या, कारण रजिस्टरची माणसं हे काम स्वतःच्या वेळात करतात आणि त्यांना जुनी कागदपत्रं काढायला वेळ लागतो.